बन्याचे वय

मुलांच्या पुस्तकांवरून भांडतात ती मोठी माणसे. मुलांना त्यासाठी फुरसत नसते. त्यांना पुढचे पान उलटायचे असते. एखादा संसारी, केस विरळ झालेला गृहस्थ हातातला चहा गार होऊ देऊन तावातावाने सांगू लागला, की त्या पोराचा सदरा चौकड्यांचा होता, तो शाळेत जात होता, आणि त्याच्या जिभेचा आवाज तर असा मुळीच नव्हता, की खुशाल समजावे : याच्या लहानपणच्या पुस्तकावर सिनेमा निघालेला आहे!

महाराष्ट्रात असा मोसम २०१७ च्या ऑक्टोबरात आला. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' तेव्हा पडद्यावर आला. आमचे जव्हार सह्याद्रीच्या खांद्यावर बसलेले गाव. इथे आगगाडी नाही, जे यायचे ते घाट चढून यायचे. पण हा वाद सिनेमाच्याही आधी येऊन पोचला. नुसती जाहिरात पाहून आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, निदान मराठी मुलांचा नायक पुन्हा जिवंत तरी झाला. दुसऱ्याचे म्हणणे, हा जिवंत झाला तो फेणे नव्हेच, त्याचे नाव घेऊन आलेला कोणी तोतया आहे. पानिपतानंतर पुण्यात तोतया आला होता, तेव्हाही असेच दोन तट पडले असतील असे मला वाटून गेले.

ज्या वाचकांच्या घरात ही पुस्तके नव्हती त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बनेश फेणे, ऊर्फ बन्या, हा फुरसुंगीचा पोरगा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला आलेला. अंगाने काडी, पायाने वारा, सायकलवर स्वार. काही नवल घडले की जीभ टाळूला लावून 'टॉक्' असा आवाज काढायचा. सुभाष देसाई हा त्याचा दोस्त आणि माली ही बहीण. चोर पकडणे, गूढ उकलणे, कधी काश्मीर तर कधी प्रतापगड गाठणे, आणि 'जवानमर्द फास्टर फेणे'त तर थेट चीनच्या युद्धाच्या आघाडीवर पोचणे, हा त्याचा उद्योग. वीस पुस्तके झाली, शाळकरी वाचकांच्या पिढ्या बदलल्या, पण बन्या काही शाळेतून बाहेर पडला नाही. इतके जग हिंडून आला तरी दुसऱ्या दिवशी घंटेला हजर!

हा बन्या ज्यांनी घडवला ते भागवत १९१० साली जन्मले. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी तुरुंग पाहिला, आणि १९५१ साली मुलांसाठी 'बालमित्र' मासिक काढले. मुलांसाठी मासिक काढणे हे तुरुंगापेक्षा सोपे काम असते असे कोणी समजू नये. लीलावतीबाई भागवत याही मुलांच्या लेखिका; म्हणजे सारे घरच मुलांच्या कामी लागलेले. २००१ च्या ऑक्टोबरात भागवत गेले. त्यानंतर सोळा वर्षांनी, ऑक्टोबरातच, त्यांचा मानसपुत्र मोठ्या पडद्यावर आला. तत्पूर्वी दूरदर्शनवर मालिका झाली होती आणि सुमीत राघवन हा तिथला फेणे होता. मी तेव्हा इतका लहान होतो, की फेणे म्हटला की माझ्या डोळ्यापुढे पुस्तकातले चित्र येते की दूरदर्शनवरचा मुलगा, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

आता वादाकडे येतो. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आणि लेखक क्षितिज पटवर्धन यांनी बन्याला शाळेतून उचलून थेट तरुण केला. अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि परीक्षेच्या काळ्या बाजारात अडकतो. तिथे गिरीश कुलकर्णींचा अप्पा नावाचा खलनायक आहे, आणि तो पुस्तकातल्या विमानचोरांसारखा गमतीदार नाही. त्याला पाहून खरोखर भय वाटते. प्रेत आहे, मारामारी आहे. चौकड्यांचा सदरा आहे, 'टॉक्' आहे, पण विद्याभवन नाही, तास नाहीत, गुरुजी नाहीत. दिलीप प्रभावळकर मात्र आहेत, आणि ते प्रत्यक्ष भा. रा. भागवतांच्याच रूपात! लेखकालाच कथेत आणून बसवण्याची ही युक्ती कोणाला गोड वाटली, कोणाला लबाडीची. "साक्षीला खुद्द बापाला उभे केले, आता मुलगा खोटा कसा म्हणायचा?" असे आमच्यातले एकजण म्हणाले. गंमत अशी, की रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण एकेकाळी याच प्रभावळकरांनी गाजवली होती. २०१८ साली ते नाटक पुन्हा उभे राहिले आणि वैभव मांगले चेटकीण झाले, तेव्हा जुन्या प्रेक्षकांनी मनातल्या मनात दोन चेटकिणी शेजारी उभ्या करून पाहिल्याच. पण तिथे फारसे भांडण झाले नाही. नाटक दर प्रयोगाला नव्याने जन्मते, हे आपण मान्य केलेले असते.

सिनेमाविरुद्धची फिर्याद मी नीट ऐकली. तिच्यातला काळ बदलल्याचा भाग मला पटत नाही. पुस्तकातले पुणे आता पुण्यातही राहिलेले नाही. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती तिथे आता सायकलवाल्याला रस्ता ओलांडायची चोरी. त्या जुन्या पुण्याचा देखावा उभा केला असता तर फिर्यादी मंडळी खूश झाली असती, पण त्यांची मुले शेजारी बसून जांभया देत राहिली असती. मात्र दुसरी तक्रार मला खरी वाटते : बन्याचे वय. तिच्याकडे यायचे तर आधी थोडे लांबून जावे लागेल, कारण हे एकट्या बन्याच्या वाट्याला आलेले नाही.

४ जुलै १८६२ रोजी इंग्लंडात चार्ल्स डॉजसन नावाच्या गणिताच्या शिक्षकाने नावेतून जाताना तीन बहिणींना एक गोष्ट सांगितली. तिचेच पुढे १८६५ साली लुईस कॅरल या टोपणनावाने 'ॲलिस इन वंडरलँड' झाले. कॅरल हयात असतानाच, १८८६ साली, लंडनच्या रंगभूमीवर तिचे संगीत नाटक झाले. १९०३ साली, सिनेमा नुकता रांगत होता तेव्हा, दहाबारा मिनिटांचा मूकपट निघाला. १९५१ साली डिस्नेने चित्रांचा पट काढला, आणि पुस्तकावर जीव टाकणाऱ्या इंग्रजांनी त्यावर नाके मुरडली. त्यानंतर २०१० साली टिम बर्टनने जी ॲलिस दाखवली ती एकोणीस वर्षांची! पुस्तकातली पोर सात वर्षांची. एकोणीस वर्षांची ॲलिस लग्नाच्या मागणीतून सुटून पळते आणि बिळात पडते. पीटर पॅन तर ज्याने मोठे व्हायलाच नकार दिला तो मुलगा. १९९१ साली स्पीलबर्गने त्यालाही मोठा करून, वकील करून, दोन मुलांचा बाप करून पडद्यावर आणला.

म्हणजे आपला बन्या एकटा नाही. चांगल्या घरची मुले त्याच्या सोबतीला आहेत. आणि याचे कारण माझ्या मते असे : तिकीट काढणारा हात मोठ्या माणसाचा असतो. त्याला स्वतःचे लहानपण पाहायचे असते, पण स्वतःच्या आजच्या वयाला रुचेल अशा बेताने. म्हणून मग नायक त्याच्याबरोबर वाढतो. मोठ्या रसिकांनी ज्या फेणेला नावे ठेवली, तो खरे म्हणजे त्यांच्यासाठीच वाढवलेला होता. त्यात मुलांना मात्र त्यांच्या वयाचा नायक मिळाला नाही. पण मुले कुठे फिर्याद घेऊन येतात!

लेखकांनी स्वतः फिर्यादी केल्या आहेत, त्याही पाहण्यासारख्या आहेत. 'मेरी पॉपिन्स'च्या लेखिका पामेला ट्रॅव्हर्स यांचे मन वळवायला डिस्नेला वर्षानुवर्षे लागली. १९६४ साली पहिल्या खेळाला बाई बसल्या आणि रडल्या, आणि ते अश्रू आनंदाचे नव्हते. जिवंत माणसांत चितारलेले पेंग्विन नाचतात हे त्यांना अखेरपर्यंत खपले नाही. जर्मन लेखक मिखाएल एंडे यांनी तर आपल्या 'नेव्हरएंडिंग स्टोरी'वरच्या १९८४ च्या सिनेमाविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि हरले. त्या दोन्ही चित्रपटांवर आज लाखो माणसांचा जीव आहे, ही त्यातली बोचरी बाजू.

आता भागवतांची गोष्ट. ज्यांच्या बन्याला बदलले म्हणून आम्ही भांडलो, त्या भागवतांनी स्वतः किती जणांना बदलले! ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाला त्यांनी मराठी केले : 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. ही नावेच पाहा ना. धूमकेतूला 'शेंडेनक्षत्र' म्हणणारा माणूस शब्दाला शब्द लावत बसणारा नव्हे. आणि याच भागवतांनी ॲलिसलाही मराठीत आणले, पण ॲलिस म्हणून नव्हे. 'जाईची नवलकहाणी' म्हणून. सोनेरी केसांची, बाहुलीसारखी इंग्रज मुलगी आपल्याकडे आली ती जाई होऊन. नाव बदलले, म्हणजे ओळखच बदलली. बन्याला चारसहा वर्षांनी मोठे करण्यापेक्षा हे धाडस कितीतरी मोठे नाही काय?

तरी त्यावरून कोणी आरडाओरडा केला नाही. कारण उघड आहे. मराठी घरांत ॲलिसमध्ये कोणाचे लहानपण गुंतलेले नव्हते. जाईच्या आधी कोणी नव्हतेच, तेव्हा जाई हीच अस्सल ठरली. एखाद्या इंग्रज वाचकाला ती दाखवली असती तर त्यानेही आमच्या त्या मित्रासारखा चहा गार केला असता.

आणि पहिले पाहिलेले ते अस्सल, हा नियम किती लांब जातो ते आपण 'श्यामची आई'च्या वेळी पाहिले. साने गुरुजींचे हे पुस्तक १९३५ चे. त्यातले बरेचसे त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले. १९५० साली गुरुजी गेले, आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला : वनमाला आई, माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. पुढे सत्तर वर्षांनी, २०२३ साली, सुजय डहाके यांनी पुन्हा तोच ग्रंथ हाती घेतला, आणि तोही हट्टाने कृष्णधवल केला. त्याला २०२५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पारितोषिकांत उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. पण या नव्या चित्रपटावर माझ्या ओळखीच्या वडीलधाऱ्यांनी जे आक्षेप घेतले, त्यांत "पुस्तकात असे नाही" हे वाक्य मी फार थोडे ऐकले. ऐकले ते हे : "वनमालाबाईंसारखे नाही." अत्र्यांचा चित्रपट ही एका पुस्तकाची प्रतिकृती होती, तीच आता मूळ होऊन बसली. अमेरिकेत फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकात डोरोथीचे जोडे चांदीचे आहेत. १९३९ च्या चित्रपटात रंगाची नवलाई दाखवायची म्हणून ते माणकांचे, लालभडक केले. आज लहान मुलाला विचारा, तो लालच सांगेल.

आमच्या भागात या गोष्टीकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी पूर्वीपासून आहे. ती इथे सांगितली नाही तर जव्हारात राहून लिहिल्याचा उपयोग काय?

जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर, शेतीची कामे नसतात त्या दिवसांत, गावोगाव बोहाडा होतो. रात्रभर मुखवट्यांची सोंगे निघतात. गणपती येतो, शारदा येते, मग मारुती, भीम, रावण, नरसिंह, एकामागून एक. सांबळ आणि पिपाणी वाजत असते आणि सोंग त्या ठेक्यावर सावकाश पुढे येते, मागे सरते, पुन्हा पुढे येते. मुखवटा जड असतो. त्याच्या आतून बाहेरचे धड दिसत नाही. पुढे उजेड धरणाराच त्याचे डोळे. पहाटेच्या सुमाराला देवी येते आणि महिषासुराचा निकाल लावते. कित्येक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याकडे, असा पिढीजात मान आहे. बाप थकला की मुलगा मुखवटा चढवतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर अशा सगळ्या जमातींची माणसे रस्त्याच्या दुतर्फा बसून पाहतात, आणि दुसऱ्या दिवशी टीका करतात. ती टीका शहरातल्या परीक्षकांनी ऐकावी अशी असते. यंदाचा रावण फारच घाईत होता. नरसिंहाचे पाय बापासारखे पडत नाहीत. अमक्याचा म्हातारा नाचायचा तेव्हा अंगावर काटा यायचा. सगळे म्हणतात, पण देव बिघडला असे कोणी म्हणत नाही. नाच वाईट झाला तर तो नाचणाऱ्याचा. मुखवटा उतरवून जागेवर ठेवला की पुन्हा कोरा.

ही दृष्टी मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत मांडली, तेव्हा फेणेवादी गृहस्थांनी मला चांगलाच पेचात धरला. ते म्हणाले, "सोंग पुढच्या वर्षी पुन्हा येते हो! सिनेमा येतो तीस वर्षांनी एकदा. आणि आला की हा मुखवटा पुन्हा उतरत नाही. आता पुढची पंचवीस वर्षे पोरांना फेणे म्हटले की अमेय वाघच दिसणार." यात तथ्य आहे. वनमालाबाईंचा चेहरा सत्तर वर्षे उतरला नाही, माणकांचे जोडे अजून उतरलेले नाहीत. बोहाड्यात नाचणारा वाईट निघाला तर वर्षभर कळ काढायची. सिनेमात एका पिढीचे बालपण त्यावर खर्ची पडते. म्हणून मी त्यांच्या रागाला हसलो नाही. ज्या पुस्तकावर कोणी रागावत नाही ते पुस्तक मेलेले असते, आणि मराठीत अशी मेलेली मुलांची पुस्तके किती आहेत ते जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात डोकावून पाहावे.

पण आमच्या मुलांचे काय झाले ते सांगायचे राहिले.

माझ्या वर्गातली बहुतेक मुले घरी वारली नाही तर कोकणा बोलतात. पुस्तकातली मराठी ही त्यांना शाळेत भेटलेली भाषा. पुणे त्यांनी पाहिलेले नाही. फुरसुंगी काय, विद्याभवन काय, ॲलिसचे बीळ काय, अंतर सारखेच. जयविलास राजवाड्यात शूटिंगची मंडळी येतात, तेव्हा सिनेमा करणारी माणसे ती पाहतात. पण सिनेमा पाहतात तो टीव्हीवर, उशिरा. 'फास्टर फेणे' त्यांनी असाच पाहिला. त्यांना वयाचा प्रश्न पडला नाही, सदऱ्याचा नाही, विद्याभवनाचा नाही. त्यांना आवडला तो भूभू. सिनेमात फेणेबरोबर हिंडणारा रस्त्यावरचा एक लहान पोरगा आहे, त्याचे नाव भूभू. चार दिवस माझ्या वर्गात भूभूंचा सुळसुळाट होता. मोठ्यांनी बन्याचे वय वाढवले, आणि मुलांनी सिनेमातला आपल्या वयाचा एकुलता एक हुशार पोर बरोबर हुडकून काढला.

तेवढ्यात शाळेच्या पेटीतली जुनी पुस्तके मी बाहेर काढली. त्यांत फेणेची तीन होती. एकाचे मुखपृष्ठ गेलेले, एकाची शेवटची पाने वाळवीने खाल्लेली. एरवी त्या पेटीला मुले हात लावत नसत. त्या आठवड्यात तिन्ही पुस्तके घरोघर फिरली. वाळवीने शेवट खाल्ला होता त्याचा शेवट प्रत्येकाने आपापला केला, आणि त्यावरून पहिल्यांदा मुलांमुलांत भांडण झाले. कोणाच्या शेवटात चोर धबधब्यात पडला, आणि तो धबधबा आमचा दाभोसा होता. कोणाच्या शेवटात बन्या सायकलसकट जव्हारचा घाट चढून आला. सायकलने हा घाट चढता येतो की नाही यावर मधल्या सुट्टीत फार खल झाला. एकाचा मामा चढला होता म्हणे, पण हातात धरून.

मग एक मुलगी माझ्याकडे पुस्तक घेऊन आली. पाचवीतली, बोलायला बुजरी. तिला शंका होती. सिनेमातला फेणे मिशा फुटलेला, मोठा; पुस्तकातला फेणे शाळेत. हे कसे? मी तिला लेखक, दिग्दर्शक, काळ असे काहीतरी सांगायच्या बेतात होतो. पण शेजारच्या पोराने तिला परस्पर उत्तर दिले. तो म्हणाला, पुस्तक आधीचे आहे ना. तेव्हा तो लहान होता. मग शिकला, मोठा झाला, डॉक्टरकीची परीक्षा द्यायला गेला, ते सिनेमात दाखवले.

तिला ते पटले. तिने लगेच पुढचा प्रश्न केला : मग तो डॉक्टर झाला का? आणि झाला असेल तर त्याची नेमणूक कुठे झाली असेल? आमच्याकडच्या दवाखान्यात डॉक्टर येतो, थोडे दिवस राहतो आणि बदली करून घेतो, हे तिला घरी ऐकून ठाऊक होते. वर्गाने विचार केला आणि फेणेला मोखाड्याला नेमले. चिठ्ठी कोणाच्या नावाने पाठवायची, एवढेच ठरायचे राहिले होते. कोणी म्हणाले भागवतांच्या, कोणी म्हणाले सरकारच्या. तास संपल्याची घंटा झाली, तरी वहीचे पान फाडून मजकूर लिहिणे चालूच होते.